मास्तरांनी गाडी निवडली

मास्तर आयुष्यात कधी शाळेत शिकवायला उभे राहिले नव्हते. एका मोठ्या इस्पितळात तेहतीस वर्षं त्यांनी मोडलेल्या हाडांना प्लास्टर घातलं. पहिल्याच वर्षी वॉर्डातल्या एका नर्सने 'प्लास्टर-मास्तर' असं यमक जुळवलं. पुढे प्लास्टर गळून पडलं आणि मास्तर तेवढे उरले. नवीन ओळखीची माणसं विचारत, "कुठल्या शाळेत होतात?" मास्तर म्हणत, "शाळेतली पोरं यायची माझ्याकडे. झाडावरून पडली की."

त्यांच्या खोलीत एक उंच टेबल, कोमट पाण्याची बादली, कापसाचे गुंडाळे आणि भिंतीला टेकवून ठेवलेल्या कुबड्या, एवढंच सामान. पट्टी पाण्यात बुडवायची, बुडबुडे थांबेपर्यंत धरायची. त्या अर्ध्या मिनिटात मास्तर समोरच्याला एकच प्रश्न विचारायचे, "कसं पडलात?" रोग्याचं दुखण्यावरून लक्ष हटावं म्हणून सुरुवातीला विचारायचे, पुढे ती सवयच होऊन बसली. बल्ब बदलायला स्टुलावर चढलेले, ओल्या फरशीवरून घसरलेले, जिन्याची शेवटची पायरी संपली असं समजलेले, खुर्चीत बसून हसता हसता खुर्चीसकट मागे गेलेले. मास्तरांनी हजारो पडणी ऐकली आणि एकही विसरले नाहीत.

त्याचा परिणाम घरावर झाल्याशिवाय कसा राहील? घरात स्टूल नव्हतं. पायपुसणी नव्हती. न्हाणीघरात धरायला दोन दांडे होते. मुलगी नऊ वर्षांची झाली तेव्हा सायकल मागू लागली, तर मास्तरांनी तिला पुस्तकांचं कपाट आणून दिलं. पोरगी हुशार निघाली; आईला मस्का लावून टपाल कचेरीच्या मागच्या बोळात गुपचूप सायकल शिकली. मास्तरांना ते चार वर्षांनी कळलं. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

आईला मस्का लावणं सोपं होतं, कारण आई टपालखात्यात होती. सव्वीस वर्षं, आधी सायकलवरून आणि मग स्कूटरवरून, तिने घरोघर पत्रं वाटली. सगळे तिला टपालबाई म्हणत. ऊन, वारा, कुत्री, चढ, खड्डे, सगळं अंगवळणी पडलेलं. मास्तरांची पाळी चारला संपायची, बाईंची पाचला. मधला तासभर मास्तर खिडकीशी उभे राहून स्कूटरचा आवाज येतोय का ते ऐकत. आवाज कोपऱ्यावर आला की ते लगबगीने आत जाऊन पेपर उघडून बसत. टपालबाईंना हे ठाऊक होतं. इतक्या वर्षांत त्यांनी ते एकदाही बोलून दाखवलं नाही.

दोघंही निवृत्त झाल्यावर त्यांनी गावाबाहेर अडीच एकर जमीन घेतली. हट्ट बाईंचा. जमीन प्लास्टरची पट्टी उलगडून टाकावी तशी लांबट. वरच्या टोकाला दोन खोल्यांचं घर, मग उतार, मग थोडी सपाटी आणि अगदी खाली ओढा. झाडं जुनी, अंगाबाहेर वाढलेली. पहिलं वर्ष वाळक्या फांद्या तोडण्यात गेलं. तोडणं सोपं होतं. तोडलेलं वर आणणं जिवावर येत होतं. त्यांच्याकडे एकचाकी हातगाडी होती. भरली की ती उतारावर मालकाला खाली ओढायची, चढावर मागे ढकलायची.

एके दिवशी दुपारी टपालबाई रिकाम्या हाताने वर आल्या आणि पायरीवर बसल्या.

"हातगाडी कुठंय?" मास्तरांनी विचारलं.

"अर्ध्यावर. मीही तिथंच राहणार होते, पण चहाची वेळ झाली."

खांदा धरून बसल्या होत्या. मास्तरांनी न विचारता खांदा चाचपला. हाड ठीक होतं, पण सांधा कुरकुरत होता. चहा झाल्यावर बाई म्हणाल्या, "अहो, आपण एटीव्ही घेऊ या. त्या मधमाश्यावाल्याकडे आहे ना, चार जाडजूड चाकं आणि वर मोटारसायकलचं हँडल. मागे ट्रॉली लावून तो पेट्या चढावर नेतो. आपलं सगळं काम होईल." मग जरा थांबून त्यांनी कपाच्या कडेवरून बोट फिरवलं. "आणि खरं सांगू? मला मजा पण करायची आहे. स्कूटर सुटल्यापासून वारं लागलेलं नाही तोंडाला."

मास्तरांच्या डोळ्यांसमोर लगेच तीन चेहरे आले. एकाची नडगी, एकाची गळ्याखालची हासळी, आणि एक बाई, जिच्या अंगावर गाडी आडवी झाली होती. तिघांनाही त्यांनी विचारलं होतं, कसं पडलात, आणि तिघांचं उत्तर तेच होतं: उतारावर.

दोन दिवस त्यांनी ते मनात घोळवलं. आयुष्यभर त्यांनी या घरात 'नको' हा शब्द मिठासारखा वापरला होता, प्रत्येक गोष्टीत चिमूटभर. पण खांदा धरून पायरीवर बसलेली बाई त्यांनी पाहिली होती. तिसऱ्या दिवशी सकाळी ते म्हणाले, "घेऊ. पण निवडणार मी."

"रंग मी," बाई म्हणाल्या.

सौदा ठरला.

पहिल्या दुकानात काचेमागे गाड्या ओळीने मांडल्या होत्या. विक्रेता तरणाबांड, बोलायला तिखट. तो बाईंकडे पाहतच नव्हता. सगळं मास्तरांना सांगत होता. इंजिन केवढं, वेग किती, वळणावर कशी झेपावते. त्याचं संपल्यावर मास्तरांनी विचारलं, "ही उलटते कशी?"

विक्रेता गडबडला. "साहेब, ही उलटत नाही."

"मग उलटलेली माणसं माझ्याकडे कुठून यायची?"

तेवढ्यात टपालबाई एका लालभडक गाडीवर चढून बसल्या होत्या. गाडी उंच, रुबाबदार, पुढचे दिवे रागावलेल्या डोळ्यांसारखे. बाईंचे डोळे मात्र असे चमकत होते की मास्तरांनी मान वळवली. घरी येताना दोघांनीही त्या लाल गाडीचा विषय काढला नाही. तेव्हाच मास्तरांनी ओळखलं की ती बाईंच्या मनात भरली आहे.

दुसरं ठिकाण म्हणजे एक गॅरेज. मालकीण पन्नाशीची, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, नखांत ग्रीस. तिच्याकडे विकायला चार-पाच गाड्या होत्या, नव्या-जुन्या मिळून. तिने दोघांनाही बसायला डबे दिले आणि म्हणाली, "आधी काम सांगा, मग मी गाडी सांगते."

बाईंनी सांगितलं. लाकडं, खत, पाणी, अडीच एकर, उतार.

"आणि?"

"आणि काय?"

"एवढंच असेल तर छोटा ट्रॅक्टर घ्या. एटीव्ही बघायला येणाऱ्याच्या मनात आणखी काहीतरी असतं."

टपालबाईंनी मास्तरांकडे पाहिलं आणि खाली मान घालून म्हणाल्या, "मजा."

"मग हरकत नाही," गॅरेजवाली म्हणाली. जणू मजा हासुद्धा एक गाडीचा भाग होता, आणि तो बसवून मिळत होता.

मास्तरांनी आपला प्रश्न विचारला. गॅरेजवाली हसली नाही. तिने एक लाकडी ठोकळा घेतला, फळीवर ठेवला आणि फळी तिरकी केली. "चढताना अंग पुढे. उतरताना अंग मागे, आणि गाडी बारक्या गियरमध्ये, म्हणजे इंजिनच तिला धरून ठेवतं. नुसत्या ब्रेकवर उतरायचं नाही. उताराला आडवं जायचं नाही, कधीच नाही. सीट एकाची आहे, म्हणजे एकच माणूस. उलटते ती यांतलं काहीतरी विसरल्यावर." ठोकळा गडगडत खाली पडला. मास्तरांनी तो उचलून परत तिच्या हातात दिला. तेहतीस वर्षांत त्यांना कसं पडतात ते सगळ्यांनी सांगितलं होतं. कसं पडत नाहीत ते सांगणारी ही पहिलीच.

मग मास्तर कामाला लागले. त्यांनी बाईंना एकेका गाडीवर बसवलं आणि हाडाच्या माणसाने हाडं बघावी तसं बघितलं. गुडघा किती वाकतो, पाय पाटीवर पूर्ण टेकतो का, पाठ कुठे मोडते. वेग अंगठ्याने दाबायच्या एका खटक्यावर होता. तो त्यांनी बाईंना दहा मिनिटं सतत दाबून धरायला लावला. एका गाडीचा खटका इतका ताठ की चौथ्याच मिनिटाला अंगठा थरथरला. ती बाद.

योगायोग असा की तीच लालभडक गाडी इथेही होती, एका वर्षाची वापरलेली. बाई काही न बोलता तिच्यावर चढल्या. मास्तर म्हणाले, "हँडल डावीकडे पूर्ण वळव." बाईंनी वळवलं. उजवा हात ताणला गेला, खांदा वर आला, आणि वळण पुरं व्हायला चार बोटं उरली असताना मूठ सुटली.

"दिसतंय," बाई म्हणाल्या. "मला सांगायची गरज नाही." आणि उतरल्या. मास्तरांना आयुष्यात पहिल्यांदा आपण बरोबर असल्याचं वाईट वाटलं.

शेवटी निवडली ती मधल्या आकाराची, बसकी, रुंद चाकांची गाडी. क्लचची भानगड नाही, चारही चाकांना जोर, चढासाठी वेगळा बारका गियर, पुढे-मागे सामानाला जाळी. दिसायला अगदी गरीब गाय. रंग एकच, शेवाळी. रंग निवडण्याचा बाईंचा हक्क तिथेच बुडाला, पण त्या एवढंच म्हणाल्या, "चिखल दिसणार नाही." गॅरेजमागच्या टेकाडावर त्यांनी ती चालवूनही पाहिली. वर गेल्या, वळल्या, बारक्या गियरमध्ये गुरगुरत खाली आल्या. हेल्मेटमधून फक्त गाल दिसत होते आणि ते फुगले होते.

"तुम्ही बसता का?" गॅरेजवालीने विचारलं.

"मी नाही," मास्तर म्हणाले. "मी बघतो."

निघताना तिने आणखी एक गोष्ट सांगितली. "पाण्याने अर्धा भरलेला ड्रम कधी ट्रॉलीत टाकू नका. अर्धं पाणी हलतं आणि गाडीला आपल्याबरोबर नेतं. छोटे कॅन घ्या, गच्च भरा, झाकण घट्ट."

घरी आल्यावर मास्तरांनी शेडच्या दारावर सात नियम लिहून लावले. बाईंनी ते वाचले, आठवा स्वतः लिहिला: 'बघणाऱ्याने श्वास चालू ठेवावा.'

कामं भराभर झाली. दोन महिन्यांत उतार मोकळा झाला, लाकडं शेडमध्ये रचली गेली. संध्याकाळी कामं आटोपल्यावर बाई खालच्या सपाटीवर दोन-चार गोल फेऱ्या मारत. मास्तर पायरीवर बसून आवाज ऐकत. आवाज थांबला की उठत, सुरू झाला की बसत. गुडघ्यांना चांगला व्यायाम झाला.

आणि मग टपालबाई पडल्या. गाडीवरून नव्हे. गाडी शेडमध्ये होती, किल्ली खिळ्यावर होती. बाई रिकामी बादली घेऊन नळाकडे निघाल्या, पाण्याच्या नळीत पाय अडकला आणि उजव्या हातावर पडल्या. मास्तर चार पावलांवर कांदा चिरत होते. हात उचलून बघताक्षणी त्यांना कळलं. मनगट काट्याच्या चमच्यासारखं वाकलं होतं.

इस्पितळातल्या त्यांच्या जुन्या खोलीत आता त्यांच्याच हाताखाली शिकलेली मुलगी होती. डॉक्टरांनी हाड बसवलं, ती पट्ट्या काढायला वळली, आणि थांबली. "सर, तुम्ही घालता का?"

मास्तरांनी हात धुतले. घरातल्या माणसाला त्यांनी कधी प्लास्टर घातलं नव्हतं; घरात कुणी पडेल अशी सोयच त्यांनी ठेवली नव्हती. त्यांनी कापूस गुंडाळला. पट्टी पाण्यात बुडवली. बुडबुडे येत राहिले. आणि तोंडातून सवयीने निघून गेलं, "कशी पडलीस?"

"तुम्ही तिथंच होता की," बाई म्हणाल्या.

मास्तर ओशाळले. पट्टी पिळून गुंडाळू लागले. बाई त्यांच्या हातांकडे बघत होत्या. सव्वीस वर्षं पत्रं वाटली, पण हे हात काम करताना त्यांनी कधी पाहिले नव्हते. जराशाने त्या हळूच म्हणाल्या, "तुमचा काही दोष नाही. तुमच्याकडे यायची ती पडलेलीच माणसं. न पडलेली इथं कशाला येतील? ती मला भेटायची. दार उघडायची, पत्र घ्यायची. काही शिडीवरून उतरून यायची, काही सायकल भिंतीला लावून. ती फार होती हो. रोजची शे-दीडशे."

 मास्तर ओल्या प्लास्टरवरून तळवा फिरवत राहिले, गरजेपेक्षा जरा जास्तच वेळ. जवळ उभ्या असलेल्या त्या मुलीने खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली.

प्लास्टर सहा आठवड्यांचं होतं. आणि चौथ्याच दिवशी चाळीस रोपं दारात येऊन पडली. बाईंनी महिनाभर आधी मागवली होती, ओढ्याकडच्या सपाटीसाठी. खड्डे खणून तयार होते, मास्तरांनी रोपं लावली. ओढा त्या दिवसांत आटलेला. पाणी वरच्या नळाचं, रोज सहा कॅन. मास्तरांनी पहिल्या दिवशी दोन कॅन हातांनी खाली नेले. तिसरा अर्ध्यावर ठेवून ते बसले.

वर बाई गळ्यात हात अडकवून पायरीवर उभ्या होत्या.  त्या आत गेल्या आणि डाव्या हाताने खिळ्यावरची किल्ली काढून आणली.

"मला येत नाही," मास्तर म्हणाले.

"मला तरी कुठं पत्रं वाटता येत होती? पहिल्या दिवशी अर्धी गल्ली चुकले."

हेल्मेट मास्तरांना घट्ट बसलं. सीटवर बसल्यावर त्यांच्या मनात पहिला विचार आला तो असा की ही गाडी आपण एका बाईच्या मापाने निवडली, पण माप आपल्यालाही ठीक आहे. बाई बाजूने, चार हात अंतर ठेवून चालत होत्या. "बारका गियर. आता अंगठा. दाबायचं नाही, नुसतं कुरवाळायचं." गाडी हलली.  तेहतीस वर्षांची सगळी माणसं कुबड्या घेऊन उताराच्या दोन्ही बाजूंना उभी आहेत असं त्यांना वाटलं. "अंग मागे," बाई म्हणाल्या. "मागे म्हणजे मागे, नमस्कार कुणाला करताय?" मास्तर मागे झाले. इंजिनाने गाडीला धरून ठेवलं, गॅरेजवाली म्हणाली होती तसंच. ट्रॉलीतले कॅन गप्प होते. उतार पावलापावलाने मागे सरकत गेला, आणि मग सपाटी आली. मास्तरांनी ब्रेक लावला, किल्ली फिरवली आणि बसून राहिले. घाम हनुवटीवरून गळत होता.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं. आता पाणी घाला. रोपं तुमच्याकडे बघतायत."

पहिला आठवडा बाई रोज सोबत चालल्या. दुसऱ्या आठवड्यात अर्ध्या वाटेवरून परतू लागल्या. तिसऱ्या आठवड्यात पायरीवर बसून नुसतं ऐकू लागल्या. एका सकाळी खालून आवाज यायचा थांबेना. पाणी घालायला वीस मिनिटं पुरत. आज चाळीस झाली. बाई उठल्या, बसल्या, पुन्हा उठल्या. मग ओट्याच्या टोकाला जाऊन त्यांनी वाकून पाहिलं. मास्तर ट्रॉली सोडवून सपाटीवर गोल गोल फिरत होते. एका दिशेने पाच फेऱ्या, मग दुसऱ्या दिशेने पाच. वेग काही फार नव्हता. कुत्रंही चालत चालत मागे राहिलं नसतं. पण पाठ ताठ होती आणि ते काहीतरी मोठमोठ्याने बोलत होते. कुणाशी, ते कळायला मार्ग नव्हता.

बाईंनी डाव्या हाताने फोन धरून ते टिपलं आणि मुलीला पाठवलं. ती दुसऱ्या शहरात नोकरीला होती. दुपारी तिचा फोन आला, बाबांनाच हवा म्हणाली.

"बाबा, आईने काहीतरी पाठवलंय. ते तुम्हीच आहात का?"

"पाणी घालायला लागतं ना रोपांना."

"ट्रॉली नव्हती मागे."

मास्तरांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. 

"मजा येते का?" मुलीने विचारलं.

"येते," मास्तर म्हणाले. मग बराच वेळ फोन कानाशी धरून त्यांनी तिला अंगठा कसा ठेवायचा, उतारावर अंग कसं टाकायचं, हे सगळं समजावून सांगितलं. मुलगी मध्ये मध्ये "हो का?" म्हणत होती. तिच्या आवाजावरून मास्तरांना वाटलं की ती रडतेय किंवा हसतेय. विचारायचा धीर झाला नाही.

सहा आठवडे झाल्यावर मास्तरांनी स्वतः प्लास्टर कापलं. आतला हात बारीक आणि पांढरा पडला होता. बाईंनी मूठ उघडली, मिटली, अंगठा वर-खाली केला आणि म्हणाल्या, "किल्ली."

"अजून पंधरा दिवस नाही. मनगटाला धक्का बसतो."

"हे तुम्ही प्लास्टरवाले म्हणून सांगताय, की गाडीवाले म्हणून?"

मास्तरांनी खरोखर विचार केला. "निम्मं-निम्मं," ते म्हणाले.

पुढे वाटणी झाली. पाणी मास्तरांचं, लाकडं आणि खत बाईंचं, आणि संध्याकाळच्या फेऱ्या एक दिवस बाईंच्या, एक दिवस मास्तरांच्या. वाटणीवरून भांडणंही झाली, कारण पाण्याच्या कामाला मास्तर हल्ली फार वेळ लावत. त्या वर्षी चाळीसांपैकी एकतीस रोपं जगली. नऊ का गेली, याचा मास्तरांनी बराच शोध घेतला. जमिनीतली खोड असावी, असं शेवटी ठरलं. एकतीस जगली कशी, हे विचारायचंही त्यांना सुचलं, आणि ते एकेका रोपापाशी थांबून बघत गेले.

एके दिवशी दुपारी जेवणं झाल्यावर त्यांनी हेल्मेट उचललं.

"पाणी सकाळीच झालं की," बाई म्हणाल्या.

"हो," मास्तर म्हणाले आणि शेडकडे निघाले.